सातचा फोन

हे २०४३ सालचं. तेव्हा अजून माणसं फोन हातात धरून, कानाला लावून बोलत असत. दाराला कुलपं होती, कुलपांना किल्ल्या होत्या. पुण्याजवळ चऱ्होलीच्या टेकडीवर संध्याकाळी पायी फिरता येईल एवढी मोकळी जागा तेव्हा होती. त्या टेकडीच्या पायथ्याशी, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर हेमांगी दळवी एकटी राहायची. वय एक्कावन्न. नवरा दीपक चार वर्षांपूर्वी गेला होता, आणि मुलगा ओजस धारवाडला नोकरीला होता.

हेमांगी आपत्कालीन मदतकेंद्रात फोन घ्यायची. तेवीस वर्षं. सुरुवातीला त्या कामात श्वास घ्यायला जागा होती. शंभरातले साठ फोन साधे असायचे. कुणाच्या न्हाणीघरात साप निघालेला, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाचा चुकून लागलेला. एक आजोबा रोज दुपारी फोन करून किती वाजले ते विचारायचे, आणि सगळ्याजणी आळीपाळीने त्यांना वेळ सांगायच्या. मग यंत्र आलं. साधे फोन यंत्र घ्यायला लागलं, आणि चांगलं घ्यायला लागलं. माणसांकडे यायचे ते उरलेले. ज्यांत पलीकडून नुसतं रडणं ऐकू येई, किंवा काहीच ऐकू येत नसे, किंवा लहान मूल बोलत असे. सोपे फोन गेले म्हणजे या वाटेवरची सावलीची झाडंच गेली, असं तिथल्या जुन्या बायका म्हणत. दहा तासांत पंचेचाळीस फोन, आणि सगळे तसलेच.

घरी आली की ती दाराजवळच्या बाकावर बसायची. चपला पायात, पर्स खांद्याला. दिवा लावायचं सुचायचं नाही. दुःख होत होतं म्हणावं तर तसंही नाही. काहीच होत नव्हतं. तास-दीड तासाने उठायची, ओट्याशी उभी राहून फरसाणाचा पुडा संपवायची आणि तशीच आडवी व्हायची. रक्तातली साखर चढत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं: अर्धा तास चालणं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम, दहाला झोप. दीपक होता तोवर ती हे सगळं करतही होती. दर रविवारी ठरवायची, उद्यापासून परत सुरू. सोमवारी पुन्हा बाक.

एवढ्या पडझडीतही एक गोष्ट चुकत नव्हती. सात वाजता आजऱ्याला फोन.

आजऱ्याला तिची थोरली जाऊ राहायची. शालनवहिनी. साथीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, ओजस एक वर्षाचाही नव्हता आणि हेमांगी नुकतीच या कामाला लागली होती. घरात आजार शिरू नये म्हणून बाळाला दोन महिन्यांसाठी आजऱ्याला नेऊन ठेवलं. दोन महिन्यांची पाच वर्षं झाली. शालनवहिनींना मूल नव्हतं. त्यांनी ओजसला न्हाऊमाखू घातलं, चालायला शिकवलं, अक्षरं गिरवायला लावली. हेमांगी रोज सातला फोन करायची, वहिनी फोन बाळाच्या तोंडाशी धरायच्या. पुढे ओजस पुण्याला आला, मोठा झाला. थोरले दीर गेले, मग दीपक गेला. ज्या दोन भावांमुळे या दोघी एकमेकींच्या झाल्या होत्या, ते भाऊ राहिले नाहीत, फोन मात्र राहिला. त्यात विशेष काही नसायचं. काय केलंस जेवायला, गोळी घेतली का, तिकडं ऊन कसं आहे.

त्या उन्हाळ्यात अनुक्रमक नावाचं उपकरण बाजारात आलं. नाव जड होतं, त्यामुळे लोक त्याला टिकलीच म्हणायचे. दोन्ही कानांमागे चिकटवायच्या दोन चकत्या, मोठ्या कुंकवाएवढ्या.

त्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणूस पहिल्यांदा स्कूटर शिकतो तेव्हा प्रत्येक गोष्ट मुद्दाम करावी लागते: क्लच, गिअर, आरसा. हे मुद्दाम करणं कपाळामागचा मेंदू करतो, आणि तो लवकर दमतो. महिनाभराने तीच स्कूटर हात आपोआप चालवतात, कारण तोवर त्या हालचालींचं एक गाठोडं बांधून मेंदूने ते आपल्या खोल गाभ्यात, पेशींच्या काही पुंजक्यांत ठेवून दिलेलं असतं. गाठोडं उघडताना तिथे एक ठिणगी पडते, संपताना दुसरी. मधल्या वेळात तो गाभा जवळजवळ गप्प असतो आणि शरीर कामं करत राहतं. सवय म्हणतात ती हीच.

ताण आला की कपाळामागचा मेंदू आधी हात टेकतो. मग जे गाठोडं सर्वांत वर असेल तेच उघडतं, आणि दमलेल्या माणसाच्या वरच्या गाठोड्यात बहुधा फरसाण असतं. म्हणून ठरवून उपयोग होत नाही. ठरवणारा भागच संध्याकाळी हजर नसतो. टिकली एवढंच करायची, की घामातून ताण ओळखायची आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी दोन्ही बाजूंनी आत सोडायची. त्या जिथे एकमेकींना मिळत, तिथे चांगल्या गाठोड्याची ठिणगी पडे.

मदतकेंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी टिकल्या मागवल्या. त्या बसवून द्यायला रेहाना मुल्ला नावाची तिशीतली तंत्रज्ञ आली.

“एकवीस दिवस रजा घ्यायची, मॅडम,” रेहाना म्हणाली. “संध्याकाळ जशी हवी तशी जगायची. टिकली तेवढे दिवस फक्त बघेल. मग तुम्ही दमून आलात की ती सुरुवात करून देईल. पुढचं तुमचं शरीरच करतं.”

“आणि तेवढा वेळ मी कुठे असते?”

“इथेच की. गाडी चालवताना घर कधी आलं ते कळत नाही ना कधी कधी? तसंच.”

हेमांगीने रजा काढली. एकवीस दिवस टेकडी चढली, भाकरी थापली, मेथी निवडली, दहाला झोपली. बावीसाव्या दिवशी रेहानाने पडद्यावर तिची संध्याकाळ उलगडून दाखवली, माळेत मणी ओवावेत तशी एकापुढे एक.

“हे चालताना मध्ये काय आहे?”

“फोन. माझ्या जाऊबाईंना.”

“हा काढून टाकू. बोलणं यात आम्ही धरत नाही सहसा.”

“नको, राहू दे. बाकी सगळं बुडालं तरी चालेल. तो नाही बुडायचा.”

“अहो, पण बोलणं रोज वेगळं असतं.”

“आमचं नसतं,” हेमांगी म्हणाली. “तेवीस वर्षं तेच बोलतोय आम्ही. खोटं वाटत असेल तर ऐका.”

फोनवरची बोलणी तेव्हा आपोआप साठवली जात. रेहानाने तीन दिवसांचे फोन ऐकले आणि हसली. “खरंच की. तारीख झाकली तर कुठला कुठला ते सांगता यायचं नाही. माझी अम्मी आणि खाला अशाच बोलतात.” आणि तिने तो मणी माळेत राहू दिला.

टिकली लागू पडली. सहा चाळीसला हेमांगी कुलूप उघडायची, कानामागे मुंगी चालल्यासारखं व्हायचं, आणि मग सकाळ व्हायची. मधलं काही आठवायचं नाही. ओट्यावर परात धुऊन पालथी घातलेली असायची, बुटांना टेकडीची माती असायची, अंग हलकं असायचं. सुरुवातीला फक्त वाईट दिवशी टिकली चालू व्हायची. पण त्या कामात चांगले दिवस फारसे नव्हतेच. सप्टेंबरात हेमांगीने ती रोजचीच करून टाकली.

“काय गं, वजन उतरलं, चेहरा उजळला,” शेजारच्या खुर्चीवरची बाई एकदा म्हणाली. “कुणी भेटलं की काय या वयात?”

“भेटलं असेल तर मला आठवत नाही,” हेमांगी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तीन महिन्यांत साखर ताब्यात आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. हेमांगीला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला असंच तिने सगळ्यांना सांगितलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी ओजस न कळवता आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं, “मोठ्या आईला ऑपरेशन नको म्हणून तू सांगितलंस?”

लहानपणापासून तो शालनवहिनींना मोठी आई म्हणायचा.

“कुठलं ऑपरेशन?”

“आई, नाटक नको करूस. मी आजऱ्याहूनच येतोय. परसात जाऊन आली तर दहा मिनिटं बोलता येत नव्हतं तिला. हृदयाची झडप आवळत चालली आहे. ऑगस्टातच कळलंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरातली तारीख दिली होती, मांडीच्या शिरेतून नवी झडप बसवायची, दोन दिवसांत घरी. तिने तारीख मोडली. मला कळू द्यायचं नाही अशी तुला शपथ घातली होती म्हणे. आणि तू म्हणालीस, तुम्हाला बरं वाटेल तसं करा.”

हेमांगी खुर्चीत बसली. “मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक नाही कसं? रोज बोलता ना दोघी?”

ओजस तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याची नजर तिच्या कानामागे गेली. त्याच्या कचेरीतही दोघेतिघे टिकली लावत.

“फोन त्यात घातलास?” त्याने हळू विचारलं.

“चुकू नये म्हणून.”

ओजस गॅलरीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, “मी करतो तेव्हा तरी असतेस ना?”

“तू सातला करत नाहीस.”

“नशीब माझं.”

त्या दुपारी हेमांगीने साठवलेले फोन ऐकले. एकशे अठरा होते. टेकडीवरचा वारा ऐकू यायचा, आपल्याच पावलांचा आवाज, आणि आपला आवाज. तो आवाज चांगला होता, हे तिला सर्वांत आधी जाणवलं. प्रेमळ आणि निवांत. ‘हं,’ तो म्हणायचा. ‘अगं बाई.’ ‘असू दे हो वहिनी.’ पूर्वी ती फोनवर घाईत असायची, भाजी लागतेय म्हणून मध्येच ठेवायची, वहिनींचं वाक्य तोडायची. हा आवाज काही तोडत नव्हता. आणि म्हणूनच असेल, वहिनी बोलत गेल्या होत्या. नेहमीच्या गोळी-जेवणाच्या पुढे, तेवीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या तेवढं.

ऑगस्टात त्यांनी झडपेचं सांगितलं. सप्टेंबरात सांगितलं की कोल्हापूरला एकटीने दवाखान्यात पडायची भीती वाटते. मग एका संध्याकाळी, कसलाही विषय नसताना, त्या म्हणाल्या, “तुला एक सांगायचं ऱ्हायलंय, हेमा. ओजस चार वर्षांचा झाला, तू मे महिन्यात न्यायला येणार होतीस. तेव्हा मी त्याला खोकायला शिकवलं. फोन आला की खोक म्हणायची, बत्तासा द्यायची. तुला वाटलं पोर आजारी आहे, पुण्याच्या धुरात नको. दोन वर्षं मी तुझं पोर तसं ठेवून घेतलं.”

टेकडीवरच्या वाऱ्यातून हेमांगीचा आवाज म्हणाला होता, “असू दे हो वहिनी.”

पलीकडे वहिनी रडत होत्या. “तू म्हणजे देवमाणूस आहेस गं,” त्या म्हणत होत्या.

हेमांगीने तेवढा फोन दोनदा ऐकला. तिला काही वाटलं नाही. हात बघितले, ते स्वच्छ होते; पाय हलके होते; नाडी संथ होती.

ऑक्टोबरात वहिनींनी तीन वेळा विचारलं होतं, ऑपरेशन करू का नको. तिन्ही वेळा एकच उत्तर होतं, ‘तुम्हाला बरं वाटेल तसं करा.’

सोमवारी पहाटे दोघं गाडीने आजऱ्याला निघाले. निघण्याआधी हेमांगीने टिकल्या काढून फळीवर ठेवल्या. निपाणी मागे पडल्यावर ओजस म्हणाला, “टिकलीचं तिला सांगू नकोस. नुसतं सांग की माझा विचार बदलला, ऑपरेशन करायचं. एवढं बस. बाकीचं कळलं तर मोडेल ती.”

“बरं,” हेमांगी म्हणाली. तिलाही तेच सोयीचं होतं. त्या एकशे अठरा फोनांत वहिनींनी जे जे तिच्या हाती ठेवलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

शालनवहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून घनसाळ तांदूळ निवडत होत्या. सदुसष्ट वर्षांच्या, पूर्वी अंगाने भरलेल्या. आता गळ्याची हाडं वर आली होती. हेमांगीला बघून सूप बाजूला ठेवलं.

“काय गं, अशी न सांगता? बस. च्या टाकते.”

“मी टाकते, वहिनी.”

“तुला साखर कुठं ठेवल्याय ते तरी ठाऊक हाय का आता?” त्या म्हणाल्या आणि उठता उठता थांबल्या, श्वास घेतला, परत बसल्या. ओजस मुद्दाम बाहेर ओसरीवर जाऊन बसला.

हेमांगीने चहा ठेवला. पाठमोरीच म्हणाली, “वहिनी, ऑपरेशन करून घ्या. माझा विचार बदललाय.”

“हे पोरानं भरवलंय तुझ्या डोक्यात.”

“नाही, मीच म्हणते.”

“न्हाई. तू तवा शांतपणे बोललीस. तीन येळा बोललीस. माणूस शांत असतो तवाचं त्याचं खरं असतं. आता घाबरून बोलालीस.” वहिनींचा आवाज पक्का होता. “माझं ठरलंय. तुझ्याच शब्दावर ठरलंय. आता फिरवू नको.”

चहा वर आला. हेमांगीने गॅस बंद केला. तिने पुढचं वाक्य मनात जुळवून बघितलं, आणखी एक खोटं, त्याहून बरं. पण तो फोनवरचा आवाज तिच्यापेक्षा मोठा झाला होता. त्याच्यासमोर तिचं काही चालणार नव्हतं, जोवर तो कुणाचाच नव्हता हे ती सांगत नाही.

“वहिनी, ते मी बोलले नाही.”

“म्हंजे?”

तिने सांगितलं. टिकली, एकवीस दिवस, फोन माळेतून काढू नका असं आपणच म्हणालो तेही. सुपातला एक खडा वहिनींनी उचलला आणि मुठीत धरून ठेवला.

“तरीच,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, हेमा जाणती झाली आता. ऐकून घेती. पयल्यांदा माझं कुणी तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.” मग म्हणाल्या, “मशीनसंगं बोलले मी चार महिने.”

“मशीन नाही. मीच होते. पण…”

“पण नव्हतीस.”

“नव्हते.”

“मला तुझा होकार कशाला पायजे होता गं?” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण श्वास अडकत होता. “तू भांडशील म्हणून इचारलं. खुळ्या झालासा काय वहिनी, म्हणशील. ओजसला धाडशील गाडी घेऊन. एकटीनं जायाचं भ्या वाटलं म्हणून इचारलं. एकदा इचारलं, दोनदा इचारलं. तुला वेळ देऊन तिसऱ्यांदा इचारलं. मग म्हटलं, हिलाबी आपण जड झालोय. बरं तर बरं.”

चहा कपात ओतायचा राहिला होता.

“आणि ते खोकल्याचं?” वहिनींनी विचारलं. “तेबी ऐकलं न्हाईस तू?”

“काल ऐकलं.”

“काल.” वहिनींनी मान हलवली. “मला वाटलं तू माफ केलंस. त्या दिवशी मी कित्ती वर्षांनी चांगली झोपले. मग? काल ऐकून काय वाटलं?”

“काल काही वाटलं नाही.”

“आणि आता?”

हेमांगीने ओटा धरला. तिला ओजसचं खोकणं आठवलं. मदतकेंद्राच्या जिन्यात फोन कानाशी धरून उभी असायची, पलीकडे बाळ खोकायचं, आणि पुढचा फोन घ्यायला आत जाताना तिचे पाय चालत नसत. औषधांची नावं डॉक्टरांना विचारून ती वहिनींना कळवायची. दोन वर्षं. आत जे उठलं ते इतकं अनोळखी होतं की त्याचं नाव सापडायला तिला एक क्षण लागला.

“आता राग आलाय,” ती म्हणाली. “वहिनी, तुम्ही बत्तासा देऊन माझं पोर खोकायला लावलंत? मी तिथे लोकांची मुलं वाचवत होते आणि रात्री उशीत तोंड घालून रडत होते. तुम्हाला एकदाही वाटलं नाही? दीपकशी भांडले मी त्यावरून. तो म्हणायचा, पोर बरं आहे, आण. मीच नाही म्हणायची. तुमच्या शब्दावर.”

ओजस दारात येऊन उभा राहिला होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

“वाटायचं,” वहिनी म्हणाल्या. “रोज वाटायचं.”

“मग सांगायचं होतंत.”

“सांगितलं की. तू टेकडीवर फिरत होतीस.”

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या, पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. “बोल,” त्या म्हणाल्या. “आणखी बोल. तेवीस वर्षांत पयल्यांदा भांडालीस माझ्यासंगं.”

“आणखी काय बोलू? तुम्ही असल्या अवस्थेत मरून गेलात तर मी भांडू कुणाशी?” हेमांगी ओरडली. “मी माफबिफ काही केलेलं नाही. ते करायला मला वेळ लागेल. तोवर तुम्हाला राहावं लागेल. उद्या कोल्हापूर. मी रजा घेतलीय, दवाखान्यात मी झोपणार तुमच्या पायथ्याशी. तुम्हाला बरं वाटो की न वाटो.”

वहिनींनी मूठ उघडली आणि खडा दारातून अंगणात टाकला.

“डॉक्टर ओरडंल. तारीख मोडली म्हणून.”

“ओरडू दे.”

“तू हाईस न्हवं तिथं?”

“आहे.”

वहिनी ओजसकडे वळल्या. “उभा काय ऱ्हायलास? च्या गाळ. तुझ्या आईनं पाक करून ठेवलाय त्याचा.”

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून जानेवारीची तारीख दिली.

पुढे काय काय झालं ते सांगायचं तर असं. रेहाना मुल्लाला हेमांगीने एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तक्रार नव्हती, नुसतं घडलेलं होतं. रेहानाने ते वरिष्ठांना दाखवलं, आणि पुढच्या वर्षीपासून टिकलीबरोबरच्या सूचनांत एक ओळ आली, की दुसऱ्या माणसाशी बोलणं अनुक्रमात घेऊ नये. दोन वर्षांनी रेहानाने ती नोकरी सोडली आणि मिरजेला अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी केंद्र काढलं. तिथे हात हलवायचं विसरलेली माणसं तिने याच टिकल्यांनी पुन्हा घास उचलायला शिकवली. त्या कामात टिकलीला कुणी नावं ठेवली नाहीत.

ओजसने बेळगावला बदली मागून घेतली. आजरा तिथून जवळ. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. दोन्ही आयांना तो फोन करी तो कधी सकाळी अकराला, कधी दुपारी तीनला. ठरलेल्या वेळेला कधीच नाही, आणि त्यावरून बायकोच्या शिव्या खाई.

हेमांगीने पुन्हा टिकली लावली नाही. साखर परत चढली, मग थोडी उतरली. तिने मदतकेंद्रात सहा तासांची पाळी मागून घेतली आणि उरलेल्या वेळात नव्या मुलींना शिकवलं. टेकडी ती आठवड्यातून चार दिवस चढे, कधी तीन. भाकऱ्या वातड होत. एखाद्या संध्याकाळी काहीच जमत नसे, आणि तसं ती वहिनींना सांगे.

शालनवहिनींना जानेवारीत नवी झडप बसली. तीन महिन्यांच्या उशिराने हृदयाच्या स्नायूंचं बळ उणावलं होतं. वेळेवर झालं असतं तर किती वर्षं मिळाली असती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि हेमांगीने विचारलं नाही. त्यानंतर त्या दोन वर्षं चार महिने जगल्या. परसात हिंडल्या, ओजसच्या बायकोच्या डोहाळजेवणाला जरीची साडी नेसल्या.

मे २०४६ मध्ये त्या गेल्या, पहाटे, झोपेत. आदल्या संध्याकाळी सातला दोघी फोनवर भांडल्या होत्या. वहिनींनी बंदी असताना कैरीचं लोणचं घातलं होतं आणि बरणी कपाटावर लपवली होती. ओजसने हेमांगीला कळवलं होतं. चौदा मिनिटं त्या लोणच्यावर बोलल्या, आणि अधेमधे खोकल्यावर, आणि दीपकवर. हेमांगी हरली. “ठेव आता, माझी भाजी लागालीय,” असं म्हणून वहिनींनी फोन ठेवून दिला.

तोवर हेमांगीने फोन साठवून ठेवणं बंद केलं होतं, त्यामुळे तो कुठे ऐकायला मिळत नाही. आज ती शहात्तर वर्षांची आहे. त्या चौदा मिनिटांत कोण काय म्हणालं, ते विचारलं तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते.